वाचक विचारतात : बॅटरी बदलायच्या आधी मोजून बघा

यावेळी बहुतेक सगळे प्रश्न गाडीच्या बॅटरीचेच आलेत, म्हणून अख्खं सदर त्यालाच दिलंय. सुरुवातीलाच एक विनंती करतो. घरात एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणून ठेवा, इलेक्ट्रिकच्या दुकानात तीन-चारशे रुपयांत मिळतो, कारण खाली बऱ्याच उत्तरांत मी तुम्हाला व्होल्ट मोजायलाच सांगणार आहे. चांगल्या बॅटऱ्या न तपासता भंगारात जातात आणि माणसांचे चार-पाच हजार उगाच जातात, हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न : वॅगनआर पेट्रोल, साडेतीन वर्षं झाली. आम्ही गावी गेलो होतो, गाडी दहा-बारा दिवस सोसायटीत उभी होती. परत आल्यावर सेल्फ मारला तर नुसतं टक-टक-टक. गॅरेजवाला लांबूनच म्हणाला बॅटरी गेली, नवीन टाका. टाकू का? – एक वाचक, कोथरूड

लगेच नका टाकू. टक-टक आवाज येतो म्हणजे सेल्फचा सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट जोडणारा स्विच, ओढला जातोय पण पुरेसा करंट मिळत नाहीये म्हणून लगेच सुटतोय, बस, एवढंच त्यातून कळतं. करंट का मिळत नाही याची तीन-चार कारणं असू शकतात आणि त्यातलं बॅटरी मेली हे फक्त एक.

आधी बोनेट उघडून दोन्ही टर्मिनलचे क्लॅम्प हाताने हलवून बघा. हाताने फिरतोय म्हणजे ढिला आहे, दहा नंबरचा पाना लावून आवळा आणि परत सेल्फ मारा, कितीतरी गाड्या इथेच चालू होतात. मायनसची वायर जिथे बॉडीला लावलीये तो नटबोल्टही बघा, तिथे गंज असला तरी हेच होतं.

ते सगळं ठीक असेल तर मीटर वीस व्होल्ट डीसीवर लावा आणि बॅटरीवर धरा. गाडी किमान चार-पाच तास बंद असली पाहिजे, लगेच चालवून मोजलं तर आकडा खोटा जास्त दाखवतो. १२.६ किंवा वर असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पावच उरली आणि ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी. आत सहा सेल असतात, प्रत्येक भरलेला सेल २.१ व्होल्टचा, म्हणून १२.६. चार्ज करूनही आकडा साडेदहाच्या आसपासच अडकून राहिला तर समजा एक सेल पूर्ण गेलाय, मग मात्र ती बॅटरी वाचत नाही.

तुमच्या केसमध्ये मला वाटतं बॅटरी नुसती उतरलीये. गाडी बंद असली तरी सेंट्रल लॉक, अलार्म, घड्याळ, ईसीयूची (गाडीच्या कॉम्प्युटरची) मेमरी यांना थोडा करंट लागतोच, वीस ते पन्नास मिलिअँपिअर हे नॉर्मल धरतात. पन्नास धरला तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर गेले, बारा दिवसांत चौदा-पंधरा. तुमची बॅटरी बहुधा ३५ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर), आणि शहरात कमी अंतर चालवल्यामुळे ती मुळात पूर्ण भरलेलीच नसणार, त्यात बाहेरून बसवलेला स्टीरिओ किंवा जीपीएस ट्रॅकर किंवा पार्किंग मोडवाला डॅशकॅम असेल तर विचारायलाच नको.

आता ती स्लो चार्ज करून घ्या. एएचचा दहावा भाग करंट ठेवतात, म्हणजे तुमच्यासाठी साडेतीन अँपिअर, आणि साधारण दहा-बारा तास. तासाभरात भरून देतो म्हणणाऱ्या दुकानात फास्ट चार्ज करतात, त्याने प्लेट तापतात आणि बॅटरी खऱ्या अर्थाने भरतही नाही. आणि हे आजच करा, पुढच्या आठवड्यावर टाकू नका, कारण उतरलेल्या अवस्थेत बॅटरी पडून राहिली की प्लेटवर लेड सल्फेटचे खडे घट्ट होत जातात आणि मग कितीही चार्ज केलं तरी ते पूर्ण विरघळत नाहीत. माझ्या मते छोट्या गाड्यांच्या बॅटऱ्या वापरून कमी मरतात आणि अर्धवट भरलेल्या ठेवून जास्त मरतात.

चार्ज झाल्यावर रात्रभर तशीच ठेवून सकाळी मोजा. १२.५ च्या वर टिकली तर गाडीला लावा, मीटर बॅटरीवर धरून दुसऱ्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. सेल्फ फिरताना आकडा खाली येणारच, पण ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी कमजोर झालीये, बदलायच्या तयारीला लागा. शेवटचं माप इंजिन चालू ठेवून. तेव्हा १३.८ ते १४.५ दिसायला पाहिजे. काही नव्या गाड्यांत ईसीयू अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा) व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त करतो, तिथे आकडा थोडा हलेल, पण साध्या गाडीत हेडलाइट आणि एसी लावून तेराच्या खाली आला तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघायला लागेल, आणि पंधराच्या वर गेला तर चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर खराब आहे, तो बॅटरीतलं पाणी उकळून उडवतोय. हे न बघता नवीन बॅटरी टाकली की थोड्याच दिवसांत परत तीच बोंब आणि शिव्या मात्र बॅटरी कंपनीला.

प्रश्न : आमच्याकडे बॅटरी जेमतेम अडीच वर्षं टिकते, नाशिकला राहणाऱ्या भावाची सेम गाडी सेम बॅटरी पाच वर्षं चालली. आम्हाला डुप्लिकेट माल मिळतो का? – एक वाचक, नागपूर

माल डुप्लिकेट असेलच असं नाही, तुमचा उन्हाळाच कारण आहे. लेड-ॲसिड बॅटरीत तापमान दहा अंशांनी वाढलं की आतल्या झिजेचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि विदर्भात बाहेर पंचेचाळीस असताना बोनेटखाली काय होत असेल विचार करा. पॉझिटिव्ह प्लेटची जाळी गंजते, पाणी उडतं. गंमत म्हणजे नुकसान मे महिन्यात होतं आणि कळतं डिसेंबरात, कारण थंडीत इंजिन ऑइल घट्ट असतं, सेल्फला जास्त जोर लागतो आणि बॅटरीची ताकद मात्र थंडीने कमी झालेली असते. मग लोक म्हणतात थंडीने बॅटरी गेली.

काही गाड्यांत बॅटरीभोवती कंपनीने एक जाड कव्हर दिलेलं असतं, ते इंजिनची उष्णता अडवायलाच असतं. बॅटरी बदलताना मेकॅनिक ते काढून बाजूला टाकतात आणि परत लावत नाहीत. तुमच्या गाडीला होतं का आठवून बघा, असेल तर परत मिळवा. गाडी सावलीत लावा हे सांगायची गरज नाही, पण जमत नसेल तर निदान पश्चिमेच्या उन्हात बोनेट राहणार नाही असं तोंड करून लावा. बॅटरी विकत घेताना तिथल्या दुकानात उन्हाळाभर तापत पडलेला जुना स्टॉक घेऊ नका, त्याबद्दल पुढच्या उत्तरात लिहिलंय.

आणि झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर एप्रिल ते जून दर पंधरा दिवसांनी पाणी बघा. डिस्टिल्ड वॉटरच टाकायचं, पेट्रोल पंपावर कॅनमध्ये मिळतं ते. आरओचं पाणी चालत नाही, त्यात क्षार उरतातच, आणि एसीच्या पाइपमधून ठिबकणारं पाणीही नको, त्यात कॉइलवरची धूळ आणि धातू येतात. प्लेट बुडाल्या पाहिजेत आणि वर सेंटीमीटरभर पाणी, किंवा डब्यावर वरची रेघ असते तिथपर्यंत, गळ्यापर्यंत भरलं की चार्ज होताना उतू जातं आणि खालचा ट्रे खातं. पाणी कमी झालं म्हणून ॲसिड कधीच टाकू नका, उडतं ते पाणी, ॲसिड आतच असतं.

प्रश्न : दुकानात गेलो तर ३५ एएच, ३८बी२०एल, सीसीए, तीस अधिक तीस वॉरंटी असलं काय काय बोलत होता, काही कळलं नाही, नुसती मान हलवून परत आलो. नेमकं काय बघून घ्यायचं आणि कुठली कंपनी चांगली? आणि मोठी बॅटरी टाकली तर चालेल का? – एक वाचक, कराड

परत आलात ते बरं केलंत. पहिलं म्हणजे गाडीचं मॅन्युअल आणि जुन्या बॅटरीवरचा कोड, दोन्हीचा फोटो काढून दुकानात जायचं. एएच म्हणजे साठवण किती, छोट्या पेट्रोल गाडीला बहुतेक वेळा ३५ पुरते, डिझेलला जास्त लागते कारण डिझेल इंजिन फिरवायला सेल्फला जास्त दम लागतो. ३८बी२०एल हा जपानी पद्धतीचा कोड आहे. त्यातला ३८ हा ताकदीचा नंबर, तो एएच नव्हे, इथे बरेच जण फसतात. बी म्हणजे रुंदी-उंचीचा गट, २० म्हणजे लांबी साधारण वीस सेंटीमीटर. शेवटचं एल किंवा आर सगळ्यात महत्त्वाचं, डबा तोच पण प्लस-मायनसच्या जागा उलट. चुकीची आणली तर वायर पोचत नाही, आणि ओढूनताणून उलटी जोडली गेली तर फ्यूज, अल्टरनेटरचे डायोड आणि कधीकधी ईसीयू, सगळं एका झटक्यात जातं. काही मॉडेलमध्ये जाड टर्मिनल आणि पातळ टर्मिनल असाही फरक असतो, पातळ टर्मिनलवर जाड क्लॅम्प लावून मध्ये पत्र्याचा तुकडा खुपसून देतात, ते मान्य करू नका. काही गाड्यांना डीआयएन प्रकारची बुटकी बॅटरी लागते, तिचे टर्मिनल वरच्या पातळीपेक्षा खाली बसवलेले असतात, तिच्या जागी दुसरी बसत नाही.

सीसीए हा उणे अठरा अंशांत बॅटरी तीस सेकंद किती करंट देऊ शकते त्याचा आकडा. कराडात तेवढी थंडी पडणार नाही, पण एकाच मापाच्या दोन बॅटऱ्यांमधली जास्त दमदार कुठली हे ओळखायला तो कामाचा आहे.

वॉरंटी नीट समजून घ्या. तीस अधिक तीस म्हणजे पहिले तीस महिने बॅटरी बिघडली तर फुकट बदलून, पुढचे तीस महिने प्रो-रेटा म्हणजे नव्या बॅटरीवर थोडी सूट. ही सूट एमआरपीवर असते. समजा एमआरपी ५५०० आणि बाजारात तीच ४५०० ला मिळते. तीस टक्के सूट मिळाली तर तुम्ही ३८५० देणार, आणि जुनी बॅटरी कंपनी ठेवून घेणार. बाहेर ४५०० ची घेतली तर जुनीचे पैसे वजा होतात, मग फरक राहतोच किती? म्हणून मी फक्त पहिला आकडा बघतो, दुसऱ्याला भुलत नाही. वॉरंटीत बदलून मिळालेल्या बॅटरीची मुदतही बहुतेक कंपन्या मूळ खरेदीच्या तारखेपासूनच धरतात. आणि गाडी टॅक्सी म्हणून चालत असेल तर वॉरंटी कमी मिळते, दुकानदार हे आपणहून सांगत नाही, विचारा. कार्डावर शिक्का, गाडीचा नंबर आणि बॅटरीचा सिरीयल नंबर बरोबर लिहिलाय का तिथेच बघा, बिल पक्कं घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून या बॅटऱ्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, बिलावर तेवढाच लागलाय ना बघा.

कंपनीचं म्हणाल तर एक्साइड, अमरॉन, टाटा ग्रीन, एसएफ सोनिक या सगळ्या चालणाऱ्या आहेत. एसएफ सोनिक एक्साइडचीच. एक्साइडचा कारखाना आपल्या चिंचवडला आहे, टाटा ग्रीनचा रांजणगावला. मला विचाराल तर नावापेक्षा ताजी बॅटरी महत्त्वाची. डब्यावर किंवा वॉरंटी कार्डावर बनवल्याचा महिना कोडमध्ये असतो, दुकानदाराकडून तो वाचून घ्या आणि सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर दुसरी मागा, आणि बसवायच्या आधी त्याच्यासमोर मीटर लावा, १२.५ च्या खाली असेल तर चार्ज करूनच द्या म्हणा. कंपनीचा डीलर तुमच्या गावात असला पाहिजे हेही बघा, कारण वॉरंटीसाठी बॅटरी एक-दोन दिवस चार्जिंगला ठेवून घेतात आणि प्रत्येक वेळी साताऱ्याला कोण जाणार.

मोठी टाकली तर अल्टरनेटर जळतो असं म्हणतात ते खरं नाही, बॅटरी हवा तेवढाच करंट ओढते. पण ट्रेमध्ये नीट बसत नाही, पट्टी आवळली जात नाही, आणि कमी अंतर चालवणाऱ्याची मोठी बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. कंपनीने दिलंय तेच माप ठेवा. फक्त एक, सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन चालू होणारी गाडी असेल तर तिला ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच, म्हणजे सारखा सेल्फ मारणं झेपणारी, बॅटरी लागते, स्वस्त पडते म्हणून साधी टाकली तर ती लवकर जाते.

प्रश्न : टर्मिनलवर सारखा पांढरा-हिरवा थर येतो, गॅरेजवाला ग्रीस फासून देतो, परत येतो. – एक वाचक, रत्नागिरी

समुद्राची हवा आणि बॅटरीतून निघणारी ॲसिडची वाफ, दोन्ही मिळून हे होणारच, तरी लांबवता येतं. आधी मायनस काढा मग प्लस, क्रम हाच ठेवा, कारण प्लस आधी काढताना पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी पडते. मग कोमट पाण्यात खायचा सोडा मिसळून जुन्या टूथब्रशने घासा, फेस यायचा थांबला की साध्या पाण्याने धुवा, पूर्ण कोरडं करा, झाकणांतून आत काही जाऊ देऊ नका. क्लॅम्प आणि टर्मिनल जिथे एकमेकांना लागतात तो भाग सँडपेपरने चकचकीत करा, आवळा, जोडताना प्लस आधी, मायनस शेवटी. पेट्रोलियम जेली आवळून झाल्यावर वरून लावायची, तुमचा गॅरेजवाला बहुतेक थर न काढताच ग्रीस फासतोय. खूप लवकर थर येत असेल तर चार्जिंग व्होल्टेज मोजा, जास्त असेल.

प्रश्न : दादा, बाबांची अल्टो दापोलीला असते. ते आता फार चालवत नाहीत, पण रोज सकाळी न चुकता दहा मिनिटं जागेवर चालू करून ठेवतात, तरी बॅटरी उतरतेच. त्यांना कसं समजावू? – एक वाचक, ठाणे

ताई, बाबांची काळजी बरोबर आहे, फक्त पद्धत बदलायला सांगा. आयडलला अल्टरनेटर हळू फिरतो, कमी करंट देतो, त्यातला बराचसा पंखा-इग्निशनमध्येच जातो. आणि बॅटरी जसजशी भरत येते तसतसा ती करंट कमी घ्यायला लागते, शेवटचा भाग भरायला तासन्‌तास लागतात, दहा मिनिटांत ते होत नाही. वर इंजिन नीट तापत नाही म्हणून ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं ते वेगळंच.

त्यापेक्षा आठवड्यातून एकदा पाऊण तास गाडी खरंच रस्त्यावर फिरवा. त्यांना जमत नसेल तर ओळखीतल्या कोणाला सांगा. तेही जमत नसेल तर आपोआप बंद होणारा छोटा मेंटेनन्स चार्जर घेऊन द्या, गाडी घराजवळ उभी असेल आणि प्लग असेल तर यापेक्षा चांगलं काही नाही. महिनाभर कोणीच नसणार असेल तर मायनसचा क्लॅम्प काढून ठेवायचा, घड्याळ आणि रेडिओचं सेटिंग जाईल तेवढंच. क्लॅम्प काढताना किल्ली खिशात ठेवा, गाडीत नको.

प्रश्न : जंप स्टार्ट करताना वायर कुठली आधी लावायची? प्रत्येक जण वेगळं सांगतो. – एक वाचक, म्हापसा

दोन्ही गाड्या एकमेकींना न टेकवता उभ्या करा, सगळं बंद. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनवर एखाद्या रंग नसलेल्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून ती ठिणगी बॅटरीवर पडायला नको, यात डोळे गेलेली माणसं आहेत, हयगय करू नका. चांगली गाडी पाचेक मिनिटं चालू ठेवा, मग सेल्फ मारा. काढताना बरोबर उलट क्रम.

धक्का स्टार्ट फक्त मॅन्युअल गिअरला, सेकंडमध्ये. एएमटी (क्लच पेडल नसलेली) किंवा ऑटोमॅटिक असेल तर ढकलून काही उपयोग नाही. आणि चालू झाली म्हणजे बॅटरी भरली असं नाही, त्याच दिवशी चार्जिंगला लावा.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडी घेतोय, या कटकटीतून सुटलो ना? – एक वाचक, औरंगाबाद रोड, नगर

पूर्ण नाही. टियागो ईव्हीसारख्या गाडीतही मोठ्या लिथियम बॅटरीशिवाय एक बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते, लॉक, लाइट आणि कंट्रोल युनिट तिच्यावर चालतात. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. तीही मोजत जा.

प्रश्न : जुन्या बॅटरीला भंगारवाला दुकानदारापेक्षा दोनशे रुपये जास्त देतोय, देऊ का? – एक वाचक, भोसरी

नका देऊ, प्लीज. छोट्या गाडीच्या बॅटरीचं वजन दहा किलोच्या आसपास, त्यातलं बरंचसं शिसं. अनधिकृत ठिकाणी ॲसिड गटारात ओततात आणि शिसं उघड्यावर वितळवतात, त्याचा धूर आणि धूळ आसपासच्या पोरांच्या रक्तात जाते आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट रूल्स २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी कंपन्यांवर आहे, आणि आपणही ती इतर कचऱ्यात न टाकता अधिकृत ठिकाणी द्यायची आहे. नवीन घेताना डीलरला जुनी द्या, तिची रक्कम बिलावर वजा करून घ्या, त्याने भाव फारच पाडून सांगितला तर दुसऱ्या डीलरला विचारा, प्रत्येकाचा भाव वेगळा असतो. तोवर घरी ठेवायची असेल तर उभीच ठेवा, आडवी नको, प्लॅस्टिकच्या टबमध्ये, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी.